सोव्हिएत ‘पेंटागॉन’ आणि स्पेक्ट्रमच्या नकला : एका चिपचं काम साध्या चिप्सनी कसं केलं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. काका १९९३ साली खारकीव्हहून शिक्षण संपवून आले तेव्हा त्यांनी पत्र्याच्या पेटीत बसवलेला एक बोर्ड आणला होता. तुम्ही तो माळ्यावरून काढून चालू केला, तर सिंक्लेअर स्पेक्ट्रम १२८ या १९८०च्या दशकातल्या ब्रिटिश घरगुती संगणकाचा मेनू आला. खेळ चालतात, पण संगीत किंचित संथ वाटतं आणि बॉर्डरवरचे, म्हणजे चित्राभोवतीच्या चौकटीतले, रंगीत पट्टे काही प्रोग्रॅममध्ये तिरके सरकतात. तुम्हाला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. बोर्ड बिघडलाय का? ज्या यंत्राच्या पोटात खास बनवून घेतलेली चिप होती त्याची नक्कल घरात बसून कशी करता आली? आणि अशा नकली यंत्राला काही मोल आहे का?

पहिल्याचं उत्तर लगेच देतो : बोर्ड बिघडलेला नाही. फोटोत दिसतोय तो पेंटागॉन १२८, म्हणजे स्पेक्ट्रमची सोव्हिएत संघातली घरगुती नक्कल, आणि तो असाच चालतो. कृपया तो ‘दुरुस्त’ करायला घेऊ नका. कारण पुढे सांगतो, पण त्यासाठी आधी स्पेक्ट्रमच्या आत शिरावं लागेल.

झेडएक्स स्पेक्ट्रम केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चने २३ एप्रिल १९८२ रोजी बाजारात आणला. १६ केबी मेमरीचा १२५ पौंडांना, ४८ केबीचा १७५ पौंडांना. हार्डवेअर रिचर्ड ऑल्टवॉसरचं, रॉममधलं बेसिक स्टीव्ह व्हिकर्सचं, बाह्यरूप रिक डिकिन्सनचं. प्रोसेसर झेड-८०ए, ३.५ मेगाहर्ट्‌झवर. प्रोसेसर, रॉम, रॅम आणि यूएलए (अनकमिटेड लॉजिक ॲरे) नावाची खास चिप एवढ्यावर संपूर्ण संगणक उभा होता. टीव्हीचं चित्र काढणं, कीबोर्ड वाचणं, कॅसेटवर लिहिणं-वाचणं, स्पीकर वाजवणं, रॅमला वेळेवर पत्ता पुरवणं, सगळं एका यूएलएच्या गळ्यात होतं. ती फेरांटी कंपनी बनवायची. आत लॉजिक गेट्स आधीच तयार असत पण एकमेकांना जोडलेले नसत. गिऱ्हाइकाच्या आराखड्याप्रमाणे शेवटचा धातूचा थर चढवला की ती त्याची चिप झाली. पूर्णपणे नवी चिप घडवण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडायचं. सिंक्लेअरने हाच डाव आधी झेडएक्स ८१मध्ये खेळला होता : झेडएक्स ८०मधल्या २१ चिप्स त्यात ४ वर आल्या.

यूएलए खास होती, सिंक्लेअरसाठीच बनत होती, आणि तरीही स्पेक्ट्रमइतक्या नकला फार थोड्या घरगुती संगणकांच्या झाल्या असतील. याच्या शेजारी कमोडोर ६४ ठेवून बघा. तो स्पेक्ट्रमपेक्षा जास्त खपला, पण त्याच्या नकला जवळपास झाल्याच नाहीत. चित्राची व्हीआयसी-२ आणि आवाजाची सिड या दोन्ही चिप्स कमोडोरच्या स्वतःच्या मॉस टेक्नॉलॉजीत बनत. चित्राच्या चिपमध्ये स्प्राइट (पार्श्वभूमीवर स्वतंत्रपणे सरकणारी छोटी चित्रं) होते, टक्कर ओळखण्याची सोय होती. सिडमध्ये तर ॲनालॉग फिल्टर होते. हे सगळं साध्या लॉजिक चिप्सनी उभं करायचं म्हटलं तर टेबलभर बोर्ड लागेल आणि आवाज तरीही तसा येणार नाही. स्पेक्ट्रमच्या यूएलएत यातलं काही नव्हतं. स्प्राइट नाही, हार्डवेअरचं स्क्रोल नाही, आवाजाचं सर्किट नाही. पैसे वाचवण्यासाठी ऑल्टवॉसरने ती इतकी काटकसरीने आखली होती की तिचं काम समजून घेणाऱ्याला ती काउंटर (मोजणारी), मल्टिप्लेक्सर (अनेकांतून एक निवडणारी) आणि शिफ्ट रजिस्टर (बिट एकेक करून पुढे सरकवणारी) अशा साध्या चिप्स वापरून पुन्हा मांडता येत होती. स्वस्त पडावा म्हणून जे जे गाळलं, त्यानेच हे यंत्र नक्कल करण्याजोगं झालं. माझ्या मते स्पेक्ट्रमच्या नकलांचं मूळ इथे आहे, लोकप्रियता त्यानंतर.

चिप फोडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची गरज नव्हती. यूएलएला ४० पिना. ऑसिलोस्कोप लावून प्रत्येक पिनेवर कधी काय येतं-जातं हे टिपलं, आणि रॉम कोणत्या पोर्टशी (प्रोसेसरचं बाहेरच्या भागांशी बोलायचं क्रमांक दिलेलं दार) बोलते ते वाचलं, की बहुतेक गोष्टी उलगडतात. पोर्टही एकच, २५४. त्यावर लिहिलेले तळाचे तीन बिट बॉर्डरचा रंग ठरवतात, पुढचे दोन कॅसेट आणि स्पीकर. वाचताना त्याच पोर्टमधून कीबोर्डच्या ४० कळा पाच-पाचच्या आठ गटांत मिळतात, आणि कोणता गट हवा ते पत्त्याच्या वरच्या आठ तारा सांगतात. कीबोर्डचं संपूर्ण सर्किट म्हणजे काही डायोड, काही रेझिस्टर आणि एक बफर.

अवघड भाग चित्राचा. तो जरा जवळून बघू, कारण खरी कसोटी तिथे होती.

चित्र २५६ बाय १९२ ठिपक्यांचं. १६३८४ या पत्त्यापासून ६१४४ बाइट ठिपक्यांचे, त्यापुढे ७६८ बाइट रंगांचे. आठ बाय आठच्या प्रत्येक चौकोनाला एक रंग-बाइट. स्पेक्ट्रमवर कॅसेटवरून चित्र येताना ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवत असेल, ते वरून खाली सरळ भरत नाही. आधी पडद्याचा वरचा तिसरा हिस्सा, त्यातही दर आठवी ओळ, मग मधल्या. पडद्यावरची सगळ्यात वरची ओळ १६३८४ला सुरू होते आणि तिच्या लगेच खालची १६४१६ला नाही तर १६६४०ला, म्हणजे २५६ बाइट पुढे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना हा निव्वळ छळ वाटायचा. पण त्यामागे हिशेब होता. डायनॅमिक रॅमला पत्ता दोन हप्त्यांत द्यावा लागतो, आधी अर्धा, मग उरलेला. पहिला अर्धा तोच ठेवून नुसता दुसरा बदलला तर पुढचा बाइट खूप लवकर मिळतो. यूएलएला दर आठ ठिपक्यांसाठी दोन बाइट लागतात, एक ठिपक्यांचा आणि एक रंगाचा. ओळींचा क्रम असा लावलाय की या दोन्ही बाइटांच्या पत्त्याचे खालचे आठ बिट तंतोतंत सारखे येतात. मग पहिला हप्ता एकदाच द्यायचा, दुसरा दोनदा. साध्या, स्वस्त ४११६ रॅममधून वेळेत चित्र निघतं ते यामुळे.

नक्कल करणाऱ्याला हा क्रम बदलण्याची मुभा नव्हती. खेळ बेसिकमधून चित्र काढत नसत, थेट त्या पत्त्यांवर लिहीत. त्यामुळे ल्विव्हच्या किंवा लेनिनग्रादच्या माणसाकडे याहून चांगली रॅम असली, तरी काउंटरच्या तारा याच उलटसुलट क्रमाने मल्टिप्लेक्सरला जोडणं भाग होतं. तुमच्या बोर्डावरही तेच आहे. चिप्सवरची रशियन अक्षरं वाचायला शिका, बोर्ड आपोआप बोलायला लागेल. के५५५ आणि के१५५ या मालिका म्हणजे आपल्याकडच्या ७४एलएस आणि ७४ या साध्या लॉजिक चिप्सच्या मालिका. त्यापुढची दोन अक्षरं काम सांगतात : ‘आयई’ असेल तर काउंटर, ‘केपी’ मल्टिप्लेक्सर, ‘आयआर’ रजिस्टर, ‘टीएम’ डी फ्लिप-फ्लॉप, ‘एलए’ नँड गेट. क्रिस्टलपासून सुरुवात करा. १४ मेगाहर्ट्‌झ निम्मे होऊन ७, हा ठिपक्यांचा वेग. पुन्हा निम्मे होऊन ३.५, हा प्रोसेसरचा. तिथून काउंटरची साखळी पकडून पुढे गेलात तर एका संध्याकाळी अख्खी यूएलए तुमच्यासमोर उलगडलेली असेल. मूळ स्पेक्ट्रममध्ये हे कधीच बघायला मिळत नाही, तिथे ती काळ्या चौकोनात बंद आहे. इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलांना मी मूळ यंत्राऐवजी असा बोर्ड दाखवतो तो याचसाठी.

आता तुमच्या संथ संगीताकडे.

रॅम एक, मागणारे दोन. प्रोसेसरला प्रोग्रॅम चालवायचाय, यूएलएला चित्र काढायचंय. एका नळावर दोन बिऱ्हाडं असावीत तसं हे. टीव्हीची किरणरेषा कोणासाठी थांबत नाही, म्हणून मूळ यंत्रात यूएलएचा मान पहिला. ती चित्र काढत असताना प्रोसेसरने रॅमच्या पहिल्या १६ केबीला हात लावला की यूएलए त्याचं क्लॉकच अडवून ठेवते, काम झालं की सोडते. यामुळे तेच मशीन कोड मेमरीत कुठे ठेवलंय यावर त्याचा वेग बदलतो. पेंटागॉन बनवणाऱ्यांनी प्रोसेसर आणि व्हिडिओ यांना प्रत्येक चक्रात आपापली वेळ ठरवून दिली. कोणी कोणाला अडवत नाही. वेगवान रॅम हाताशी असताना ही रचना मूळापेक्षा सरळ आहे, आणि इंजिनिअर म्हणून मला ती जास्त आवडते.

दुसरा फरक ओळींच्या संख्येचा. ४८ केबीच्या मूळ स्पेक्ट्रममध्ये टीव्हीची एक ओळ प्रोसेसरच्या २२४ चक्रांची आणि एका चित्रात ३१२ ओळी, म्हणजे ६९,८८८ चक्रं. पेंटागॉनमध्ये ओळ तेवढीच, पण ओळी ३२०, म्हणजे ७१,६८०. ३५ लाखांना या आकड्यांनी भागा. मूळ यंत्रात सेकंदाला ५०.०८ चित्रं येतात, पेंटागॉनमध्ये ४८.८३. खेळांमधलं संगीत दर चित्रागणिक प्रोसेसरला मिळणाऱ्या इशाऱ्यावर, म्हणजे इंटरप्टवर चालतं, म्हणून ते तुमच्याकडे सुमारे अडीच टक्के संथ आहे. तुमचा कान बरोबर आहे. बॉर्डरचे पट्टे मात्र चक्रं मोजून काढलेले असतात. इंटरप्टपासून अमुक चक्रांनी रंग बदल, पुन्हा अमुक चक्रांनी बदल. मोजणीत ओळींची संख्या आणि अडवणूक दोन्ही धरलेली असते, त्यामुळे इथे ती चुकते आणि पट्टे सरकतात. उलट रशियात पेंटागॉन गृहीत धरून लिहिलेले डेमो (चित्र-संगीताची करामत दाखवणारे प्रोग्रॅम) मूळ ब्रिटिश यंत्रावर असेच विस्कटतात. खातरजमा करायची असेल तर फ्यूजसारख्या एम्युलेटरमध्ये (आजच्या संगणकावर जुनं यंत्र हुबेहूब चालवणारा प्रोग्रॅम) यंत्र म्हणून पेंटागॉन निवडा आणि तोच प्रोग्रॅम चालवून बघा. जे तुमच्या बोर्डावर दिसतंय तेच दिसेल.

‘मग हा मूळ यंत्राशी पूर्ण सुसंगत नाही’ असं म्हणण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. सिंक्लेअरने स्वतः स्पेक्ट्रम १२८ काढला तेव्हा ओळ २२८ चक्रांची आणि ओळी ३११ केल्या. म्हणजे चक्रं मोजणारे जुने प्रोग्रॅम सिंक्लेअरच्याच नव्या यंत्रावर बिघडले. सुरुवातीच्या ४८ केबी यंत्रांत तर यूएलएतला दोष झाकायला ७४ मालिकेतली एक चिप उलटी चिकटवून तारांनी जोडलेली असे. झेड-८०च्या ‘आय’ रजिस्टरमध्ये ठरावीक आकडा टाकला की मूळ पडद्यावर पांढरे ठिपके उसळतात, तो दोषही पेंटागॉनमध्ये नाही. आणि एक नेमकी उणीवही आहे : अस्तित्वात नसलेला पोर्ट वाचला तर मूळ यंत्रात यूएलए त्या क्षणी जो चित्राचा बाइट उचलत असते तो हाती येतो. काही खेळ किरणरेषा कुठे पोहोचली ते ओळखायला ही युक्ती वापरत. पेंटागॉनवर तिथे कायम २५५ येतं, म्हणून ते खेळ अडून बसतात. अशा खेळांच्या सुधारलेल्या आवृत्त्या मिळतात, त्या वापरा.

हे सगळं सोव्हिएत संघात कसं पोहोचलं? पाश्चात्त्य देशांच्या कोकॉम निर्बंधांमुळे संगणक आणि चिप्स तिकडे विकण्यावर बंधनं होती. प्रोसेसरचा प्रश्न पूर्व जर्मनीने सोडवला होता. एरफुर्टच्या कारखान्यात यू८८० नावाने झेड-८०ची नक्कल बनत होती. झेड-८० आखताना मासातोशी शिमा यांनी नक्कल करणाऱ्यांना फसवण्यासाठी आराखड्यात मुद्दाम चकवे पेरले होते, दिसायला एका जातीचे आणि वागायला दुसऱ्या जातीचे ट्रान्झिस्टर. तरीही यू८८० झाला, आणि चांगला झाला. १९८०च्या दशकाच्या मध्यावर ल्विव्हमधल्या पॉलिटेक्निकच्या मंडळींनी स्पेक्ट्रम उलगडला आणि तो आराखडा हातोहात पसरला. १९८८च्या सुमारास सेर्गेई झोनोव्ह यांचा ‘लेनिनग्राद’ आला, चाळीस-पंचेचाळीस चिप्सचा, मिळतील त्या सुट्या भागांतून करता येण्याजोगा. तिथल्या छंदिष्टांना हातांनी संगणक जोडायची सवय आधीच होती. ‘रेडिओ’ मासिकाने १९८६ साली ‘रेडिओ-८६आरके’चा आराखडा छापला होता. पेंटागॉन त्यानंतरचा. पहिल्या ४८ केबी बोर्डाचा एक कोपरा तिरका कापलेला होता, त्यामुळे त्याला पाच बाजू झाल्या आणि नाव तेच पडलं. १९९१नंतर पेंटागॉन १२८चा बोर्ड जुन्या सोव्हिएत संघात सगळीकडे छापला गेला आणि लोकांनी बाजारातून चिप्स आणून घरी डाख लावून तो उभा केला. त्याला कारखाना नाही, कंपनी नाही. म्हणून कुठलेही दोन पेंटागॉन अगदी सारखे नसतात, आणि तुमच्या काकांच्या बोर्डामागच्या त्या तीन निळ्या तारा ही कोणाची तरी स्वतःची सुधारणा आहे.

या लोकांनी एक पाऊल पुढेही टाकलं. ब्रिटनमध्ये स्पेक्ट्रम शेवटपर्यंत बहुतेकांसाठी कॅसेटचंच यंत्र राहिलं. तिथे टेक्नॉलॉजी रिसर्च नावाच्या छोट्या कंपनीचा बीटा डिस्क इंटरफेस फार थोड्यांकडे होता. सोव्हिएत मंडळींनी तो उचलला, केआर१८१८व्हीजी९३ या डिस्क कंट्रोलरभोवती पुन्हा मांडला आणि पेंटागॉनच्या बोर्डातच बसवला. ६४० केबीची फ्लॉपी आणि ती हाताळणारी टीआर-डॉस ही प्रणाली ही तिथली रोजची गोष्ट झाली. इंग्लंडमध्ये स्पेक्ट्रम इतिहासजमा झाल्यावर रशियात त्याच्यासाठी फ्लॉपीवरची मासिकं निघत होती.

बाकीच्या देशांतल्या नकला वेगवेगळ्या कारणांनी झाल्या. पोर्तुगालमधल्या टाइमेक्सचा टीसी२०४८ परवान्याचा होता आणि पोलंडमध्ये भरपूर गेला. ब्राझीलमध्ये १९८४च्या कायद्याने परदेशी छोट्या संगणकांना दार बंद केलं आणि मायक्रोडिजिटलने विनापरवाना टीके९०एक्स काढला. त्याच्या रॉममध्ये पोर्तुगीजसाठी लागणारी अक्षरं आणि दोन जादा आज्ञा घातल्या. रोमानियात बुखारेस्टच्या फेलिक्स कारखान्याचा एचसी-८५ आणि ब्राशोव्हचा कोब्रा. कोब्रावर सीपी/एम ही त्या काळची ऑपरेटिंग सिस्टिमही चालायची, म्हणजे खेळाच्या यंत्रावर कामाचे प्रोग्रॅम. चेकोस्लोव्हाकियातल्या स्कालित्साच्या डिडाक्टिक गामात फेरांटीची खरी यूएलए बाहेरून आणून बसवली होती. १९९०च्या डिडाक्टिक एममध्ये तिची जागा सोव्हिएत चिपने घेतली. यूएलए आधी साध्या चिप्समध्ये उलगडली गेली आणि मग झेलेनोग्रादच्या अंगस्त्रेम कारखान्यात पुन्हा एका चिपमध्ये गुंडाळली गेली. मला ही साखळी फार मोलाची वाटते.

आता चोरीचा मुद्दा, कारण तुम्ही ‘नकली’ हा शब्द कमीपणाने वापरलाय. इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात : सर्किट आणि रॉम. ॲपल टू घ्या. तो सगळा बाजारात मिळणाऱ्या चिप्सचा होता, आणि ॲपलने स्वतःच १९७८च्या पुस्तिकेत पूर्ण सर्किट आणि मॉनिटर रॉमचं लिस्टिंग छापलं होतं. सर्किटची नक्कल कोणीही करू शकत होतं. अडसर होता तो फक्त रॉमचा. अमेरिकेतल्या फ्रँकलिन कंपनीने तो अडसर न मानता रॉम उचलली. ॲपलने कोर्टात दाखवून दिलं की फ्रँकलिनच्या प्रतीत ॲपलच्या प्रोग्रॅमरचं, जेम्स ह्यूस्टनचं नाव तसंच राहिलंय. फ्रँकलिनचं म्हणणं होतं की ऑपरेटिंग सिस्टिमला कॉपीराइट लागूच होत नाही. ३० ऑगस्ट १९८३ रोजी अपील कोर्टाने ते फेटाळलं. रॉममधला प्रोग्रॅमही कॉपीराइटखाली येतो हे तिथे पक्कं झालं. त्यानंतर व्हीटेकने लेझर १२८ काढताना स्वतःची रॉम लिहून घेतली आणि बेसिकचा परवाना मायक्रोसॉफ्टकडून घेतला. ॲपलला ते यंत्र थांबवता आलं नाही. बल्गेरियाचा प्राव्हेत्स ८२ ॲपल टूवरून घेतलेला, तिकडे हा निकाल लागूच नव्हता.

या कसोटीवर तुमच्या पेंटागॉनचं सर्किट ही त्या लोकांची स्वतःची बुद्धी आहे. बाहेरून दिसणाऱ्या वागण्यावरून त्यांनी आतली रचना नव्याने केली, आणि ती मूळासारखी नाहीसुद्धा. रॉम मात्र सरळ उचललेली आहे. सोव्हिएत कायद्यात प्रोग्रॅमला तेव्हा संरक्षण नव्हतं, रशियात त्यासाठीचा कायदा सप्टेंबर १९९२ मध्ये आला, पण व्हिकर्सचं काम व्हिकर्सचंच राहतं. १९८६ साली ॲमस्ट्रॅडने सिंक्लेअरचा संगणकाचा धंदा ५० लाख पौंडांना घेतला आणि पुढे एम्युलेटरसाठी रॉम वाटायला परवानगी दिली, त्यामुळे आज आपल्याला ती अभ्यासायला अडचण नाही.

तुम्ही पुण्यातून लिहिलंय म्हणून हेही सांगतो. आपल्याकडे स्पेक्ट्रम आला तो परवान्याने. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ पासून ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ काढला आणि तो १९९०च्या सुमारापर्यंत काही हजारांत विकला गेला. त्याच काळात शाळांसाठीच्या ‘क्लास’ प्रकल्पात बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक आले, आणि मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने त्याचीच परवान्याची आवृत्ती ‘युनिकॉर्न’ या नावाने काढली. महाराष्ट्रातल्या अनेक प्रोग्रॅमरांची पहिली बेसिकची ओळ या दोहोंपैकी एकावर लिहिली गेली आहे. डीबी स्पेक्ट्रम प्लस मिळाला तर जरूर घ्या. तो आणि तुमचा पेंटागॉन शेजारी उघडे ठेवून बघण्याइतकं शिकवणारं दुसरं काही मला माहीत नाही.

शेवटी बोर्ड सांभाळण्याबद्दल. पेंटागॉनला थेट ५ व्होल्ट लागतात, बोर्डावर रेग्युलेटर नाही. मूळ स्पेक्ट्रमचा ९ व्होल्टचा ॲडॉप्टर, ज्याच्या मधल्या टोकाला ऋण असतं, चुकूनही जोडू नका. सगळ्या चिप्स एका क्षणात जातील. काकांचा जुना पॉवर सप्लाय बाजूला ठेवा आणि करंट-मर्यादा असलेला बेंच सप्लाय वापरा. डिस्क कंट्रोलरला १२ व्होल्टही लागतात. फ्लॉपी वाचत नसेल तर आधी ते मोजा.

चिप बदलायची वेळ आलीच तर पिनांमधलं अंतर लक्षात ठेवा. सोव्हिएत चिपमध्ये ते २.५ मिलिमीटर, आपल्याकडे २.५४. चौदा पिनांच्या चिपला हा फरक जाणवत नाही. ४० पिनांच्या चिपच्या एका बाजूला १९ अंतरं, म्हणजे टोकापर्यंत पाऊण मिलिमीटरचा फरक पडतो. झेड-८० दाबून बसवलात तर टोकाच्या पिना वाकतील किंवा सॉकेटचा स्प्रिंग सैल होईल, आणि मग महिन्याभराने कारण न कळणारी गडबड सुरू होईल. जागच्या जागी सॉकेटच बदला. रॅमच्या ५६५आरयू५ चिप्स १६ आहेत. त्यातली एखादी बोटाला बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागली तर पहिला संशय तिच्यावर.

बोर्डावरचे हिरवे-केशरी चपटे सिरॅमिक कपॅसिटर केएम जातीचे असतील तर त्यांत पॅलेडियम असतं. भंगारवाले त्यासाठी असे बोर्ड सोलून काढतात, आणि कितीतरी पेंटागॉन त्यातच संपले. तुमच्याकडे कोणी ‘नुसते कपॅसिटर द्या’ म्हणून आलं तर देऊ नका.

आणि सगळ्यात आधी, पुढच्या वेळी चालू करण्याआधीही, रॉम वाचून फाइल करून ठेवा. खिडकीवाल्या ईप्रॉममध्ये (अतिनील प्रकाशाने पुसता येणाऱ्या रॉम चिपमध्ये) ३० वर्षांपूर्वी भरलेला मजकूर कायमचा टिकत नाही. काचेवरचा कागद निघाला असेल तर आजच अपारदर्शक चिकटपट्टी लावा. वाचलेल्या फाइलमध्ये १६-१६ केबीचे तुकडे सापडतील : १२८चा मेनू, ४८चं बेसिक आणि टीआर-डॉस. पहिले दोन तुकडे मूळ सिंक्लेअर रॉमशी आणि टीआर-डॉसचा तुकडा मूळ टीआर-डॉसशी बाइटागणिक ताडून बघा. फरक कुठे आहेत त्यावरून तुमच्या काकांच्या हाती कोणत्या हाताने केलेली आवृत्ती आली ते कळेल, आणि फाइल पाठवलीत तर मीही ती बघेन.